खालच्या काठाचें ऋण

ज्या दोषाचा उपद्रव दोष करणारास होत नाहीं, तो दूर करण्याचें बंधन त्याच्यावर कोठून यावें? प्रश्न नीतिशास्त्राचा खरा. पण त्याचें उत्तर आम्हांस नाल्याच्या काठीं शोधावें लागेल.

ठाण्याचा नौपाडा ही जुनी, सुशिक्षित वस्ती. अशा वस्तींत मलवाहिनीचें वय कोणी विचारीत नाहीं. मातींत पुरलेल्या नळास चोहोंकडून आधार असतो. नाला ओलांडतांना तो सुटतो. पावसाळी लोंढा टेकूखालची माती खरवडून नेतो, वाहत आलेले ओंडके सांध्यांवर आदळतात. आंत मैल्यापासून सुटणाऱ्या वायूचें जंतूंच्या योगें गंधकाम्ल होतें व तें सिमेंटचा नळ वरच्या अंगानें खाऊं लागतें. शेवटीं सांधा उकलतो आणि मैला नाल्यावाटे खाडीस मिळतो.

गटार तुंबलें कीं आम्ही घटकाभरांत तक्रार करतों. नाल्यावर नळ फुटला तर करीत नाहीं. कारण आमच्या घरची घाण पूर्वीप्रमाणेंच निघून जाते. सोसावें लागतें तें नाल्याकाठच्या झोपडींतील मुलांस आणि खाडीवर पिढ्या काढलेल्या चेंदणीच्या कोळ्यांस.

लंडनमध्यें १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सची दुर्गंधि पार्लमेंटच्या दालनांत शिरली, तेव्हां कोठें रखडलेल्या मोठ्या मलवाहिन्यांस मंजुरी मिळाली. तोंपर्यंत पटकीनें हजारों माणसें मेलीं होतीं. म्हणून कोणी म्हणतात, घाण उद्यां आपल्याच दारीं येईल एवढें लोकांस पटवा, म्हणजे झालें. नौपाड्याच्या सखल भागांत पाणी भरतें तेव्हां हें पटेलही. परंतु हा युक्तिवाद आम्हांस अपुरा वाटतो. घाण परत येणार नाहीं अशी खात्री झाली, तर कर्तव्यही संपलें काय?

आपल्या शास्त्रकारांनीं पितृऋण सांगितलें. पण तें फेडावयाचें संततीच्या द्वारें, म्हणजे मागच्यांचें देणें पुढच्यांस द्यावयाचें. ऋण पाण्यासारखें खालीं वाहतें. नळ ज्यांनीं घातले त्यांचें देणें खालच्या काठावरील माणसांस पोंचतें करणें, हाच त्याचा न्याय.

जुना नळ बदलतांना रस्ता खणला जाईल, खर्च होईल, आणि पुरलेल्या नळाचें कौतुक कोणी करणार नाहीं. महापालिका हें काम करील, पण नागरिकांनीं मागितलें तर. तें मागणें, आणि त्यापायीं होणारी गैरसोय न कुरकुरतां सोसणें, येथें आमच्या सुशिक्षितपणाची परीक्षा आहे.