गळ, आमिष आणि सोडलेला मासा

गळाला लागलेला मासा जिवंत सोडून दिला, तर हिंसा घडली की टळली, हा प्रश्न हौशी मासेमारीमुळे आज नव्याने पुढे आला असला, तरी धर्मविचाराला तो नवा नाही. कोकणात खाडीच्या मुखाशी खडकावर उभे राहून जिताडा पकडणारा आणि कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेत गळ टाकणारा, यांचे पाणी वेगळे आणि मासेही वेगळे (जिताडा खाडीत वाढतो, पण अंडी खाऱ्या पाण्यात घालतो, पंचगंगेत तो यायचा नाही), परंतु काटा, दोरी आणि आमिष ही सामग्री दोघांची एकच असते.

‘आमिष’ या शब्दातच निम्मा प्रश्न दडलेला आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मांस, म्हणूनच मांसाहार तो सामिष आणि शाकाहार तो निरामिष. मराठीत मात्र ‘आमिष दाखवणे’ म्हणजे लोभ दाखवून फसवणे. जाळे माशाची वाट अडवते, तर गळ त्याच्या भुकेचाच उपयोग करून घेतो, आणि काट्याच्या टोकामागचा उलटा दात एकदा जबड्यात रुतला की मासा जितका ओढ घेईल तितका तो घट्ट बसतो.

कोल्हापूर परिसरात दिगंबर जैनांची वस्ती मोठी आणि जुनी असल्याने त्या परंपरेतील विचार येथे प्रस्तुत ठरतो. हिंसेचे तेथे चार प्रकार मानले जातात: घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेसाठी घडणारी उद्योगी, स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी आणि जीव घेण्याच्या हेतूने केलेली संकल्पी, यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थालाही वर्ज्य आहे. इ.स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण करणाऱ्या सोमदेवसूरींनी शेतकरी आणि धीवर, म्हणजे मासे धरणारा, यांची तुलना केली आहे. नांगराखाली जीव मरूनही शेतकरी पापी ठरत नाही आणि जाळे रिकामे आले तरी धीवर पापी ठरतो, कारण निवाडा हेतूवरून होतो. ज्यांचे पोटच माशांवर चालते त्यांच्याबाबत हा निवाडा कठोर वाटतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

त्याच परंपरेतील मृगसेन धीवराच्या कथेत हा कठोरपणा सैल होतो. धंदा सोडणे त्याला शक्य नसल्याने मुनी त्याला एवढेच व्रत देतात की जाळ्यात प्रथम येईल तो मासा सोडावा. तो पहिला मासा खुणेची चिंधी बांधून सोडतो, आणि त्या दिवशी तोच मासा पुनःपुन्हा, एकूण पाच वेळा, जाळ्यात येतो. मृगसेन रिकाम्या हाताने परततो, बायको दार लावून घेते, बाहेर निजलेला असताना त्याला साप चावतो; पुढच्या जन्मी मात्र तो पाच संकटांतून वाचतो.

हौशी मासेमाराचे सोडणे वरवर असेच दिसते. परंतु त्याने मासा धरला तोच खेळासाठी. काट्याची जखम, कोरड्या हातांनी निघून गेलेला अंगावरचा बुळबुळीत थर आणि पाण्याबाहेर गेलेला वेळ हे सारे माशाच्या वाट्याला येते, सोडणाऱ्याचे काही जात नाही. मृगसेनाची त्या दिवसाची भाकर गेली होती. सोमदेवसूरींची कसोटी लावली, तर खडकावरचा हौशी मासेमार मासा सोडूनही धीवराच्याच बाजूला उभा राहतो, आणि पोटासाठी मासे धरणाऱ्याहून त्याची बाजू अधिक लंगडी आहे.