इच्छायादी आणि भेटीमागचे श्रम

नाताळापूर्वी कुटुंबातील प्रत्येकाने आपल्याला हव्या असलेल्या वस्तूंची यादी लिहावी आणि इतरांनी तीतून भेट निवडावी, ही अमेरिकेतील अनेक घरांत रुळलेली रीत भेट या कल्पनेलाच छेद देणारी वाटते. कारण जे मागून मिळते त्यात देणाऱ्याचा विचार कोठे उरतो, अशी शंका तिच्याबाबत साहजिकच येते. या शंकेचे निरसन करायचे, तर भेटीमागचा विचार म्हणजे काय आणि तो करण्याचे काम घरात कोणाच्या वाट्याला येते, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावे लागतात.

नाताळ हा अमेरिकेत पूर्वीपासून असा घरगुती भेटींचा सण नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरी मध्यमवर्गाने हा सण रस्त्यावरच्या धांगडधिंग्यातून घरात आणला, मुलांना त्याच्या केंद्रस्थानी बसवले आणि त्याबरोबरच सांताक्लॉजला पत्र लिहून आपली इच्छा कळवण्याची प्रथा रूढ झाली. टॉमस नास्ट या चित्रकाराने १८७१ मध्ये ‘हार्पर्स वीकली’साठी काढलेल्या चित्रात तर सांताक्लॉज अशा टपालाच्या ढिगांमध्येच बसलेला दिसतो. खरेदीचे ओझे मात्र इतके वाढत गेले की १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटींना आळा घालण्यासाठी एक संस्थाच स्थापन झाली, आणि वरिष्ठांना भेट देण्यासाठी वर्गणी भरावी लागणाऱ्या नोकरदार स्त्रियांची सुटका हा तिचा एक प्रमुख हेतू होता.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये निरुपयोगी भेटींच्या या प्रश्नाला संख्येचे रूप दिले. विद्यार्थ्यांना मिळालेल्या भेटींची किंमत आणि त्यांच्या लेखी त्या भेटींचे मोल यांची तुलना करून, भेटींच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो, असा अंदाज त्यांनी मांडला. हे नुकसान मित्र आणि जोडीदार यांच्या भेटींत कमी, तर विस्तारित कुटुंबातील नातेवाइकांच्या भेटींत अधिक होते. म्हणजेच भेट चुकते ती मुख्यतः माया कमी असल्यामुळे नव्हे, तर माहिती कमी असल्यामुळे. आणि यादी नेमकी हीच उणीव भरून काढते.

तरीही भेटीचा हिशेब वस्तूच्या उपयुक्ततेपाशी संपत नाही. देणे, स्वीकारणे आणि परत देणे या तीन बंधनांतून समाज बांधला जातो, हे समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दानविषयक निबंधात दाखवले, आणि लग्नघरी आहेर वहीत टिपून ठेवणाऱ्या मराठी कुटुंबांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु ही बंधने पाळली जावीत म्हणून कोणाला तरी सर्वांच्या आवडी, कपड्यांची मापे, गेल्या वर्षीच्या भेटी आणि रुसवे-फुगवे ध्यानात ठेवावे लागतात. मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दी लिओनार्दो यांनी १९८७ मध्ये या कामाचे वर्णन ‘नात्यांचे श्रम’ असे केले. पत्रे, भेटकार्डे, भेटवस्तू आणि सणाची जेवणे यांद्वारे घराघरांतील नाती टिकवणारे हे काम बहुतेक स्त्रियाच करतात, आणि ते काम म्हणून मोजलेही जात नाही. इंडियाना राज्यातील मन्सी या शहरात समाजशास्त्रज्ञ थिओडोर कॅप्लो यांनी केलेल्या नाताळाच्या अभ्यासातही भेटींची बहुतांश जबाबदारी स्त्रियांवरच असल्याचे आढळले.

इच्छायादीचे खरे मोल येथे कळते. आपल्याला काय हवे ते स्वतः लिहिणारा माणूस ते ओळखत बसण्याचा भार दुसऱ्यावरून उतरवतो आणि आपली गरज विश्वासाने उघड करतो. पण ही यादी केवळ मुलांनी लिहायची, पुरुषांनी वाचायची आणि खरेदी मात्र आईने करायची, असे होत असेल, तर जुनीच वाटणी नव्या कागदावर उतरते. शिवाय प्रत्येक घरात ‘मला काही नको’ असे म्हणणारी एक व्यक्ती असते, आणि बहुधा ती हे श्रम वर्षानुवर्षे करत आलेली असते. तिची यादी कोरी राहते ती इच्छा नसल्यामुळे नव्हे, तर तिला कोणी विचारलेच नसल्यामुळे. ज्यांनी आपली इच्छा लिहिली त्यांची भेट निवडणे यादीने सोपे होते. त्यातून वाचलेला वेळ आणि लक्ष या कोऱ्या यादीकडे वळवणे, म्हणजेच विचारपूर्वक भेट देणे होय.