मध आणि अहिंसा

जैन आचारात मद्य आणि मांसाबरोबर मधाचाही त्याग सांगितला आहे. आचार्य अमृतचंद्रांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात पोळ्यातून आपोआप गळलेला मधही वर्ज्य ठरतो, कारण त्याच्या आश्रयाला असलेले जीव मरतात. पोळे पिळून मध काढताना अंडी-अळ्या खरोखरच चिरडल्या जातात. पेटीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाश्यांच्या बाबतीत मात्र मधाच्या चौकटी अंडी-अळ्यांच्या चौकटींपासून वेगळ्या असतात. त्यांवरचे मेण सुरीने कापून चौकट मधयंत्रात फिरवली, की मध बाहेर येतो आणि पोळे शाबूत राहते.

यामुळे हत्येचा प्रश्न बराचसा सुटतो, दुःखाचा सुटत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील लार्स चिट्का यांच्या गटाचा एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बंबलबी माश्या कोणतेही बक्षीस नसताना छोटे लाकडी गोळे पुन्हा पुन्हा लोटत राहिल्या. संशोधकांनी या वर्तनाला खेळ म्हटले, आणि खेळणाऱ्या जीवाला सुखदुःखाची जाणीवही असू शकते. जाणिवेचा हा अंतिम पुरावा नव्हे. पण अहिंसा खात्रीसाठी थांबत नाही, वेदनेची शक्यता तिला पुरेशी असते. म्हणून मध घेणाऱ्याने पावसाळ्यातली उपासमार टळेल इतका मध माश्यांसाठी पेटीत ठेवलाच पाहिजे.