शेवटच्या चार जुड्या

गेल्या आठवड्यात शहागंजला, घड्याळाच्या टॉवरजवळ मेथी घेतली. रात्रीचे साडेआठ वाजत आले होते. हातगाडीवर चारच जुड्या उरलेल्या, पानं मलूल झालेली. चाचा म्हणाले, "चालीस में चारों ले लो." मी म्हणालो, "बीस." ते लगेच म्हणाले, "ले जाओ."

घरी येऊन आईला ऐटीत सांगितलं. मेथी निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, "लगेच दिल्या? मग ती घासाघीस नव्हती."

आई स्वतः शहागंजमधली पट्टीची घासाघीस करणारी. भाव विचारायचा, नाक मुरडायचं, चार पावलं पुढे जायचं; मग मागून हाक येतेच. यात कुणी फसत नाही, कारण दोघंही 'नाही' म्हणू शकतात. माझ्या सौद्यात चाचांकडे 'नाही' उरलंच नव्हतं. शेजारच्या सराफ्यात सोन्याच्या भावावर कुणी हुज्जत घालत नाही. सोनं रात्रीतून मलूल होत नाही, सराफ थांबू शकतो.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताने रास्त भावाचा प्रश्न हाताळला होता. त्याचं म्हणणं असं: गिऱ्हाइकाला निकड आहे, पण वस्तू देताना विकणाऱ्याचं वेगळं नुकसान होत नाही, तर केवळ त्या निकडीपोटी जादा पैसे घेऊ नयेत. जे आपलं नाही ते विकता येत नाही, आणि निकड तर गिऱ्हाइकाची असते. हेच उलटं करून पाहा. चाचांची निकड माझी कमाई कशी होईल?

तुम्ही म्हणाल, शिळ्या मालाचा भाव उतरणारच. आणि मी घेतली नसती तर त्यांना शून्य मिळालं असतं. खरं आहे. पण मेथी मलूल झाली म्हणून त्यांनी भाव आधीच चाळीसवर आणला होता. पुढचे वीस मी मेथीचे नाही, रात्रीचे कापले.

मग सरळ एकच भाव का नको? सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी घासाघीस सोडली होती. मनात एक भाव आणि तोंडी दुसरा, हे त्यांना खोटं बोलणं वाटायचं. पण घासाघीस नसली म्हणजे न्याय असतोच असं नाही. पाऊस सुरू झाला की कॅबचं ॲप भाडं वाढवतं. तिथे हुज्जत घालायलाही कुणी नसतं. आपण स्टँडवर भिजत चिडतो, कारण आपली अडचण कुणीतरी मोजून घेतलेली असते. साडेआठला मी चाचांसाठी तेच ॲप झालो होतो.

आता रात्री गेलो तर सांगतील तो भाव देतो. हे दान नाही. जे माझं नव्हतं ते घेत नाही, इतकंच. सकाळी मात्र घासाघीस करतो. सकाळी चाचा 'नाही' म्हणू शकतात.

परवा म्हणालेही.