खोकला ऐकू येईल इतकं अंतर

चुलीचा धूर जिच्या डोळ्यांत जातो ती आत असते आणि जेवणारे बाहेर ओसरीवर. हा अन्याय जुनाच आहे. पण तिचा खोकला निदान ओसरीपर्यंत ऐकू येतो. ऐकून न ऐकल्यासारखं करता येतं. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं मात्र म्हणता येत नाही.

औष्णिक वीज केंद्राची उंच चिमणी तीही सोय करून देते.

कोळशात थोडं गंधक असतं. कोळसा जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. हवेत गेल्यावर या वायूपासून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि श्वासावाटे फुफ्फुसात खोलवर उतरतात. फोनवर हवेची गुणवत्ता बघताना ‘पीएम २.५’ असा आकडा दिसतो ना, त्यात हे कणही असतात.

हा वायू चिमणीआधीच अडवता येतो. चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून धुरावर फवारायची. गंधक चुनखडीशी बांधलं जातं आणि शेवटी जिप्सम हाती येतं. डहाणूच्या ५०० मेगावॅट केंद्रात हेच काम समुद्राचं पाणी करतं, कारण ते मुळातच किंचित अल्कधर्मी असतं. पण ती यंत्रणा सहज आली नाही. चिकूच्या बागांच्या त्या तालुक्यासाठी सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून १९९६ मध्ये एक प्राधिकरण नेमलं गेलं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. त्या प्राधिकरणाने हा विषय सोडला नाही आणि २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली.

देशभरासाठी नियम आला डिसेंबर २०१५ मध्ये. मुदत होती दोन वर्षांची. ती वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. मग जुलै २०२५ मध्ये सरकारने केंद्रांची तीन गटांत विभागणी करून नियमच बदलला. दिल्ली परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या १० किलोमीटर आत असलेल्यांना यंत्रणा बंधनकारक. अतिप्रदूषित भागांजवळच्यांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून. उरलेल्यांना, म्हणजे सुमारे ७८ टक्के संचांना, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट. अट एकच: चिमणी ठरलेल्या उंचीची हवी.

सुटीच्या बाजूची कारणं पोकळ नाहीत. आपल्या कोळशात गंधक कमी असतं. यंत्रणेचा खर्च वीजबिलात येणार, आणि तो गरिबालाही भरावा लागणार. चुनखडी खणायची, वाहून आणायची, यंत्रणा चालवायला वीज वापरायची, म्हणजे कार्बन वाढणार. शिवाय सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला थोडं थंडही ठेवतात. हे सगळं खरं आहे. उद्या कुणी नीट हिशोब मांडून ‘अमुक ठिकाणी ही यंत्रणा नको’ म्हणालं, तर मी ऐकून घेईन.

मला अडतं ते दुसरीकडे. दहा लाखांच्या शहराजवळचा धूर धुवायचा आणि तालुक्याच्या गावाजवळचा तसाच सोडायचा, तर आपण माणसं मोजतोय. मोजावीच लागतात, धोरण असंच ठरतं, हे मान्य. पण सहा हजारांच्या गावातल्या दमेकरी आजीचा श्वास शहरातल्या आजीच्या श्वासापेक्षा हलका असतो का? तिथे माणसं कमी आहेत. त्यातल्या प्रत्येकीचा त्रास कमी नाही.

आणि उंचीची अट? उंच चिमणीने धूर कमी होत नाही, पसरतो. ब्रिटनने उंच चिमण्या उभारल्या, तेव्हा तिथल्या शहरांची हवा सुधारली. आणि नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत आम्लवर्षा उतरली, मासे मेले. ते मासे कोणत्या चिमणीने मारले, हे कुणालाच बोट दाखवून सांगता येत नव्हतं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात हाच पेच मांडला. हजार जणांनी मिळून एखाद्याचा छळ केला, पण प्रत्येकाने वेदना इतकी थोडी वाढवली की ती जाणवूही नये, तर दोषी कोण? ‘कुणीच नाही’ हे उत्तर चूक आहे, हे आपल्याला आतून कळतं. तरी रोज आपण तेच देतो. माझ्या एसीमुळे कुणाला खोकला झाला, हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी निवांत झोपतो.

नुकसान पातळ झालं म्हणून नाहीसं होत नाही. फक्त जबाबदारी पातळ होते, इतकी की ती धरायला हातात काही येत नाही.

म्हणून डहाणूची गोष्ट मला त्या यंत्रणेपेक्षा प्राधिकरणासाठी महत्त्वाची वाटते. धुराखाली राहणाऱ्यांना जाऊन विचारायला एक दार होतं, आणि आत बसलेल्यांना उत्तर द्यावं लागत होतं. सूट मिळालेल्या केंद्रांच्या आसपासच्या लोकांकडे असं दार नसेल, तर हिशोब कितीही बरोबर असला तरी तो त्यांच्यासमोर मांडलेला नाही. ओसरीवर बसून आपणच ठरवलंय की आत फारसा धूर नाही.

मी ओसरीवरचाच आहे. वीज मला हवी आहे, आणि बिल थोडं वाढलं तर मी कुरकुरेन, पण भरेन. ते भरायची वेळ यायच्या आधी आतल्या खोकल्याकडे कान द्यायला हवा, एवढंच.