स्वतःला सांभाळणे हा स्वार्थ नव्हे



कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यातील वस्तीत जा. गाणी रचणारा, ढोलकी वाजवणारा, चित्रे काढणारा एखादा तरुण किंवा तरुणी तिथे भेटतेच. ही देणगी आपल्याला जलशांनी दिली. वामनदादा कर्डक (1922-2004) गावोगाव फिरले आणि समोर बसलेल्या माणसांसाठी गायले. तेव्हा कार्यक्रम आटोपला की श्रोते घरी जात आणि गाणाराही पाठ टेकीत असे.

आजचा गाणारा मोबाईलवर गाणे टाकतो, आणि त्याचे श्रोते घरी जातच नाहीत. रात्री एक वाजता तो उठून पाहतो, किती जणांनी ऐकले? कोणी काय लिहिले? शंभर जणांनी कौतुक केले आणि एकाने जातीवरून शिवी दिली, तर ती एक शिवीच पहाटेपर्यंत डोक्यात घण घालीत राहते. नवे गाणे लवकर टाकले नाही तर लोक विसरतील, ही धास्ती वेगळीच. झोप उडते, घरच्यांवर चिडचिड होते आणि शेवटी गाणेच आटते.

अशा मुलाला आपण म्हणतो, ‘बाबा, जरा थांब, मनाकडे बघ.’ तो उत्तर देतो, ‘समाजाला गरज असताना मी स्वतःला जपत बसू? हा स्वार्थ नाही का?’ त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्या घरांत त्यागाला मोठा मान आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर उडवाउडवीने देता येणार नाही.

संयुत्त निकायात कलावंतांचीच एक गोष्ट आहे. बांबूच्या काठीवर कसरत करून पोट भरणारा एक गुरू आपल्या शिष्याला खांद्यावर चढवतो आणि म्हणतो, ‘तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो.’ शिष्य नम्रपणे म्हणतो, ‘गुरुजी, तसे नको. तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. मगच आपण दोघे सुखरूप खाली उतरू.’ तथागतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले. मात्र ते तेवढ्यावर थांबले नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो, आणि क्षमेने, मैत्रीने दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो, अशी दोन्ही टोके त्यांनी जोडली.

वाचकहो, आपला गाणाराही त्या काठीवरच उभा आहे. त्याचा तोल गेला तर त्याच्या आधाराने उभे असलेले सगळेच पडतील. मग स्वार्थ कुठे राहिला?

तोल सांभाळायचा तो स्मृतीने, म्हणजे सतत जागे राहून. मोबाईलकडे हात गेला की आधी हात गेला हे जाणा. कौतुक वाचून छाती फुगली, सुखद वेदना झाली, हे जाणा. शिवी वाचून अंग तापले, दुःखद वेदना झाली, हेही जाणा. एक श्वास आत, एक बाहेर. मग उत्तर द्यायचे की नाही ते ठरवा. अन्याय मुकाट्याने गिळा, असा याचा अर्थ नाही. उत्तर जरूर द्या, पण ते तुमच्या विचारातून यावे. शिवी देणाऱ्याने तुमच्याकडून ते ओढून काढू नये.

लाभ आणि हानी, यश आणि अपयश, निंदा आणि स्तुती, सुख आणि दुःख या आठ लोकधर्मांत जग फिरते, अशी शिकवण आहे. आपल्या जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजक्या मातीच्या मूर्ती एकदा मुलांना दाखवा. घडवणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण त्याच्या बोटांची एकाग्रता आजही दिसते. नाव नकोच, असे मी म्हणत नाही. आपल्या पूर्वजांची नावे पुसली गेली, म्हणून आपल्याला नावाची भूक असणे साहजिक आहे. पण नाव कामाच्या मागून यावे. काम नावाच्या मागे धावू लागले की ते विझते.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी कुठे देहाची पर्वा केली? ते तर अठरा-अठरा तास अभ्यास करीत. खरे आहे. पण त्या तासांत त्यांचे लक्ष त्यांच्याच मालकीचे होते, दर घटकेला कोणी दार ठोठावीत नव्हते. आणि तेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, ते टाळ्यांसाठी नव्हे.

मग करायचे काय? वाट आपल्या घरातच आहे. पौर्णिमेच्या उपोसथाला आपण अष्टशील घेतो. त्यातले सातवे शील नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे यांपासून दूर राहण्याचे आहे. अनेकांना ते कलेविरुद्ध वाटते. कलावंताने ते वेगळ्या नजरेने पाहावे, ही त्याची हक्काची सुटी आहे. त्या दिवशी गाणे रचू नये, गाणे टाकू नये, मोबाईल बंद करून कपाटात ठेवावा. विहारात अर्धा तास श्वासाकडे लक्ष देऊन बसावे. दुसऱ्या दिवशी गळा आणि शब्द दोन्ही ताजे होतात की नाही, हे स्वतः पडताळून पाहावे; कोणी सांगितले म्हणून मानू नये.

आईवडिलांनो, तुमच्यावरही जबाबदारी आहे. मूल घरात आले की ‘किती लाईक आले?’ असे विचारू नका. ‘जेवलास का? आज काय नवे सुचले?’ एवढे विचारा. त्याचा तोल राहण्यास तेही पुरेसे बळ देईल.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.