एका रात्रीत मावणारं काम

सबमिशनच्या आदल्या रात्री इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एक चक्कर मारून यावी. दोन खुर्च्यांवर काच आडवी, खाली ट्यूबलाइट, काचेवर मित्राची ड्रॉइंग शीट आणि तिच्यावर आपली कोरी. याला ‘जीटी मारणं’ म्हणतात. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. शेजारच्या खोलीत जर्नल उतरवणं चालू असतं. पहिला प्रयोग निळ्या पेनाने, दुसरा काळ्याने. तिसऱ्यावर तारीख ऑगस्टची, आठव्यावर ऑक्टोबरची. तीन महिन्यांचा नियमितपणा पहाटेपर्यंत तयार. एवढी मेहनत घेणाऱ्या पोराला आळशी कसं म्हणायचं?

घरचे मोबाइलला दोष देतात. मोबाइलचा हात आहेच, पण जीटीची काच मोबाइलच्या आधीची. मुलगा जर्नल पुढे ढकलतो, कारण त्याची किंमत त्याने बरोबर ओळखलेली असते. प्रयोग मागच्या बॅचचा, रीडिंगं मागच्या बॅचची, निष्कर्षही तोच. सर पानं उलटत सह्या करत जातात, वाचत कुणीच नाही. सिनिअर पहिल्याच वर्षी सांगून ठेवतात, ‘टेन्शन नको घेऊ, एका रात्रीचं काम आहे.’ आणि ते खरंच एका रात्रीचं असतं.

पंचाईत पुढे होते. जर्नलात प्रयोग शिकला नाही तरी एक गोष्ट तो पक्की शिकतो: काम कुठलंही असो, रात्रीत उरकतं. मग शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट येतो. मोठ्या कामाचा अंदाज किती चुकतो यावर रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1994 सालचा एक अभ्यास आहे. कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिनसलं तर? साधारण 49. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमीच पडला.

जर्नलची टाळाटाळ आणि प्रोजेक्टची टाळाटाळ बाहेरून सारखीच दिसते, पण माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत. जर्नलचा कंटाळा येतो. प्रोजेक्टची भीती वाटते. इथे पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी लिहायचं असतं, ते फालतू निघालं तर मागच्या बॅचवर ढकलता येत नाही. फाइल उघडली की पोटात गोळा येतो, बंद केली की बरं वाटतं. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल हे संशोधक टाळाटाळीचं मूळ इथेच शोधतात: वेळेचं नियोजन चुकतं त्यापेक्षा, नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका मिळते हे महत्त्वाचं. त्या सुटकेची चटक लागते. मग खोली झाडून होते, रंगीत पेनांनी टाइमटेबल होतं. रिपोर्टमधलं आभाराचं पान तर सगळ्यात आधी तयार असतं, ज्या कामाबद्दल आभार मानायचे ते व्हायचं असतं एवढंच.

तारखा कडक केल्या तर? डॅन अरिएली आणि क्लाऊस व्हर्टेनब्रोख यांनी 2002 मध्ये एमआयटीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका वर्गाला तीन निबंधांच्या तारखा स्वतः ठरवायला दिल्या, दुसऱ्याला समान अंतराने नेमून दिल्या. स्वतः ठरवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मुदत आपणहून अलीकडे ओढली, म्हणजे स्वतःचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. तरी नेमलेल्या तारखांच्या वर्गाला गुण जास्त पडले.

पण तारीख पाळली जाते, हा अनुभव आधी हवा. आपल्याकडे बारावीच्या परीक्षेच्या अर्जालाही नियमित शुल्काची मुदत, मग विलंब शुल्काची, मग अतिविलंब शुल्काची. सतराव्या वर्षीच मुलाला कळतं की शेवटच्या तारखेनंतरही तारखा असतात. प्रोजेक्ट गाइडने दर पंधरवड्याला दोन पानं मागितली, कच्ची का होईनात, आणि ती खरोखर वाचली, तर पुष्कळ फरक पडेल. वाचणारं कुणी आहे म्हटल्यावर भीती बरीचशी ओसरते. पण एका गाइडकडे गट किती, तासिका तत्त्वावर काम करणारे किती, हे पाहिलं तर ही अपेक्षाही जड वाटते.

शिवाय शिकवणारे कुठे वेगळे आहेत? कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं म्हटलं की कित्येक कॉलेजांत वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमांचे अहवाल, हजेरीपत्रकं, बैठकांची इतिवृत्तं महिन्याभरात उभी राहतात. मदतीला विद्यार्थ्यांनाच बोलावतात. त्यांचा हात बसलेला असतो.